तांबटाचे पाखरू

रमजानच्या महिन्यात रोज संध्याकाळी एक क्षण असा येतो, की भरल्या घरातले बोलणे एकदम थांबते. दस्तरखान पसरलेले असते, खजूर, फळांच्या फोडी आणि पाण्याचे पेले समोर असतात आणि लहानथोरांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. मगरीबची अजान झाली, की रोजा सुटतो. पहाटे सहरी आटोपण्याची वेळही अशीच काटेकोर पाळली जाते. आज या वेळा मिनिटासह छापून प्रत्येक घरात भिंतीवर लागतात आणि मोबाईलही आठवण करून देतो. पण यंत्राने वेळ मोजावी आणि आवाज करून ती माणसाला सांगावी, यासाठी काही कारागिरांनी आपले उभे आयुष्य खर्ची घातले आहे. आठशे वर्षांपूर्वी तैग्रिस नदीच्या काठी राहिलेले अल-जझरी हे त्यांतले एक मोठे नाव.

त्यांचे पूर्ण नाव लांबलचक आहे. बदीउज्जमान अबुल-इज्ज इब्न इस्माईल इब्न अर-रज्जाज अल-जझरी. या नावातच त्यांची बरीचशी ओळख आहे. रज्जाज म्हणजे तांदळाचा व्यापारी, म्हणजे घराण्यात कुणीतरी तांदूळ विकणारे होते. जझरी म्हणजे अल-जझिरा या मुलखातले. अरबीत जझिरा म्हणजे बेट. तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांच्या वरच्या भागात जो दुआब आहे, त्याला हे नाव होते. आज हा प्रदेश तुर्कस्तान, सीरिया आणि इराक यांच्यात वाटला गेला आहे. आणि बदीउज्जमान म्हणजे आपल्या काळातला अपूर्व माणूस. हा किताब त्यांना त्यांच्या हातांनी मिळवून दिला.

त्यांच्या आयुष्याची जी माहिती आहे, ती त्यांनी स्वतःच्या ग्रंथाच्या सुरुवातीला लिहून ठेवली म्हणून आहे. ११८१च्या सुमारास ते अर्तुक घराण्याच्या चाकरीत आले. हे तुर्कमान राजघराणे हिस्न कैफा या तैग्रिसकाठच्या गढीवरून राज्य करत होते. ११८३मध्ये सुलतान सलाहुद्दीन यांनी आमिद हे शहर जिंकले आणि अर्तुक घराण्यातल्या नूरुद्दीन मुहम्मद यांच्या स्वाधीन केले. आमिद म्हणजे आजचे दियारबकीर. काळ्या दगडाच्या प्रचंड तटबंदीसाठी ते आजही प्रसिद्ध आहे. या शहरातल्या राजवाड्यात अल-जझरींची यंत्रे उभी राहिली. नूरुद्दीन गेले, त्यांचे थोरले चिरंजीव कुतबुद्दीन गादीवर आले, त्यांच्यामागून धाकटे नासिरुद्दीन महमूद आले. तीन राजे बदलले, पण कारागीर तोच राहिला. ही चाकरी पंचवीस वर्षे चालली.

चांदीचे झाड, सोन्याची पाखरे

निसर्गाची नक्कल करण्याची हौस अल-जझरींच्या आधीपासूनची होती. ९१७ साली बायझँटाईन सम्राटाचे वकील बगदादला खलिफा मुक्तदिर यांच्या दरबारात आले, तेव्हा त्यांना चांदीचे एक झाड दाखवण्यात आले. त्याच्या फांद्यांवर सोन्याचांदीची पाखरे बसवली होती. वारा सुटला, की पाने हलत आणि पाखरे शीळ घालत. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, बगदादमध्ये बनू मुसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन भावांनी अशा चमत्कारिक यंत्रांवर एक ग्रंथ लिहिला होता. त्यात सुमारे शंभर उपकरणे होती. त्यांनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या बासरीचीही रचना मांडली होती. आणि या साऱ्यांच्या मागे ग्रीक लोकांची जुनी विद्या होती. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकातच पाण्याच्या जोरावर गाणारी पाखरे कशी करावीत हे लिहून ठेवले होते.

अल-जझरींनी हे सारे मन लावून वाचले. पण वाचता वाचता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या लोकांनी लिहिलेले पुष्कळसे त्यांनी स्वतः करून पाहिलेले नव्हते. कागदावर जे बरोबर दिसते ते हातात घेतल्यावर तसे निघेलच असे नाही. हाताने करून पडताळून न पाहिलेली विद्या खरे आणि खोटे यांच्यामध्येच लोंबकळत राहते, अशी त्यांची पक्की धारणा झाली. पुढच्या त्यांच्या सगळ्या कामाचा पाया या एका धारणेवर आहे.

सूर्याच्या चालीने चालणारे घड्याळ

त्यांचे सर्वांत भव्य काम म्हणजे वाड्याच्या दर्शनी भागासारखे दिसणारे जलघड्याळ. उंची सुमारे अकरा फूट. वरच्या अंगाला राशींचे चक्र आणि त्यात फिरणारे सूर्य-चंद्र. त्याखाली बारा-बारा दारांच्या दोन ओळी. दर तासाला वरच्या ओळीतले एक दार उघडून त्यात एक पुतळा दिसे. दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांतले ससाणे पंख पसरून पुढे झुकत आणि चोचीतली धातूची गोळी खालच्या पात्रात टाकत. पात्रात झांज टांगलेली असे, तिचा नाद दूरवर जाई. रात्री पुतळ्यांऐवजी काचेच्या बारा चकत्या एकेक करून उजळत. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या तासाला खाली उभे असलेले पाच वादक वाजवू लागत. दोघे नगारे बडवत, दोघे कर्णे फुंकत आणि एक झांजा वाजवत असे.

पाहणाऱ्याला ही गंमत वाटे. अल-जझरींचा खरा घाम मात्र आतल्या पाण्यावर सांडला. हौदातून पाणी जसजसे वाहून जाते, तसतसा उरलेल्या पाण्याचा जोर कमी होतो आणि धार मंदावते. मग घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे पडणार. यावर त्यांनी मोठ्या हौदाच्या खाली एक छोटी कुंडी ठेवली आणि त्या कुंडीत शंकूच्या आकाराची तरंगती झडप बसवली. कुंडीत पाणी वाढले, की झडप वर उचलली जाऊन वरून येणारी धार बंद करते. पाणी उतरले, की झडप खाली येते आणि धार सुरू होते. त्यामुळे कुंडीतली पातळी कायम राहते आणि तिच्यातून पडणारी धारही सारखी राहते. आपल्या घरावरच्या टाकीत तरंगणारा गोळा हेच काम करतो.

दुसरी अडचण याहून अवघड होती. त्या काळी दिवसाचे तास आजच्यासारखे ठरीव लांबीचे नव्हते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा भाग, तो प्रत्येक भाग म्हणजे एक तास. आमिदला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सुमारे पावणेपंधरा तासांचा असतो आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस साडेनऊ तासांचा. म्हणजे आजच्या हिशेबाने उन्हाळ्यातला एक तास सुमारे ७४ मिनिटांचा आणि हिवाळ्यातला ४७ मिनिटांचा. हा फरक काय असतो, हे रोजा धरणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. अल-जझरींच्या चाकरीच्या आरंभी तो जानेवारीच्या थंडीत आला होता. १२००च्या सुमारास तो ऐन जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत लांब दिवसांत येऊन पोहोचला होता.

म्हणजे घड्याळाने सूर्याची नक्कल करायची, तर त्याचा तास रोज थोडा लांबला किंवा आखडला पाहिजे. यासाठी धारेची तोटी एका फिरत्या तबकडीवर बसवायची युक्ती जुनी होती. तोटी वर नेली, की पाण्याचा जोर कमी होऊन धार मंदावते. खाली आणली, की धार वाढते. तबकडीवर राशींच्या अंशांच्या खुणा करायच्या आणि रोज तोटी एक अंश सरकवायची. आर्किमिडीजच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या ग्रंथात यासाठी अर्धवर्तुळाची रचना दिली होती. अल-जझरींनी ती तशीच करून पाहिली. चुकली. आर्किमिडीजचे नाव मोठे, तरीही चुकली ते चुकलीच. त्यांनी वेगवेगळ्या रचना करून पाहिल्या, प्रत्येक ठिकाणी किती पाणी पडते ते मोजले आणि शेवटी पूर्ण वर्तुळाची तबकडी घेऊन तिच्यावर प्रत्यक्ष मोजमापाने खुणा पाडल्या. ग्रंथात त्यांनी केवळ शेवटचे उत्तर दिले नाही. कोणता प्रयोग का फसला, हेही लिहिले. पुढच्या माणसाची वर्षे वाया जाऊ नयेत, म्हणून आपली फजिती मोकळेपणाने सांगणारे कारागीर थोडे असतात.

हत्तीच्या पोटातली घटका

त्यांचे दुसरे प्रसिद्ध घड्याळ हत्तीचे. या हत्तीत आपल्या ओळखीचे एक पात्र दडलेले आहे.

हत्तीच्या पाठीवर अंबारी, अंबारीत बसलेला लेखनिक, मानेवर माहूत, वर चार खांबांवर घुमटी आणि घुमटीच्या टोकावर एक पक्षी. लेखनिकाच्या हातातली लेखणी हळूहळू फिरत राहून अर्ध्या तासातली मिनिटे दाखवते. अर्धा तास भरला, की घुमटीवरचा पक्षी गिरकी घेऊन शीळ घालतो. ससाण्याच्या चोचीतून गोळी सुटते, ती एका मोठ्या सर्पाच्या जबड्यात पडते. गोळीच्या वजनाने सर्प खाली झुकतो, झुकताना पोटातले बुडालेले पात्र वर खेचून घेतो आणि गोळी माहुताच्या मागच्या पात्रात सोडतो. माहूत हात उचलून हत्तीला टोला देतो आणि पोटात झांज वाजते. हलका झालेला सर्प पुन्हा वर जातो. पुढचा अर्धा तास सुरू.

हे पोटातले पात्र म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली वाटी. हौदातल्या पाण्यावर ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी हळूहळू आत शिरते आणि ठरलेल्या वेळी वाटी बुडते. भारतात हे पात्र फार जुने. सूर्यसिद्धांतात तांब्याच्या अशा पात्राचे वर्णन आहे. दिवस-रात्रीत ते साठ वेळा बुडावे, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या लग्नाचा मुहूर्त याच घटिकापात्राने पाहिला गेला. पाण्याने भरलेल्या घंगाळात वाटी सोडून भटजी तिच्याकडे लक्ष ठेवून बसत. घटका भरली असे आपण आजही सहज म्हणून जातो, त्या शब्दांत ही बुडणारी वाटी आहे. आमिदच्या हत्तीच्या पोटातही तीच वाटी बुडत होती. फक्त तिच्या बुडण्याला अल-जझरींनी दोरी बांधली आणि त्या दोरीच्या टोकाला एक आख्खी जत्रा जोडून दिली. बुडालेली वाटी माणसाच्या हाताशिवाय पुन्हा वर यावी, ही त्यातली त्यांची खरी करामत.

पाण्याचा श्वास

या यंत्रांतले आवाज येत कुठून? तांब्याच्या पाखराला ना घसा, ना छाती. अल-जझरींनी ती छाती पाण्याकडून घेतली. एक बंद डबा असतो, त्याला वरच्या बाजूला बारीक नळी आणि नळीच्या तोंडाशी शिटी. डब्यात एकदम पाणी सोडले, की आतल्या हवेला जागा उरत नाही. ती नळीवाटे जोराने बाहेर पडते आणि शिटी वाजते. तोंड अरुंद असलेली कळशी विहिरीत बुडवताना जो बुडबुड आवाज येतो, तो तिच्यातली हवा बाहेर पडण्याचाच असतो. नगारे वाजवायचे तर पाण्याची धार एका लहान रहाटावर पाडायची. रहाटाच्या आसावर खुंट्या असतात. आस फिरला, की खुंट्या वादकाच्या हाताची दांडी दाबतात आणि सोडतात. हात वर-खाली होतो आणि टिपरी चामड्यावर पडते. रहाटावरून पडलेले तेच पाणी पुढे बंद डब्यात शिरते आणि कर्ण्यात श्वास भरते. एकाच पाण्याकडून दोनदा काम.

राजाच्या मैफलीसाठी त्यांनी एक नाव केली. ती तलावात सोडली जाई. नावेत चार वादक होते. बासरीवाला, वीणेसारखे तंतुवाद्य घेतलेला आणि डफ वाजवणारे दोघे. आतल्या टाकीतून पाणी एका भांड्यात साठत राही. भांडे भरले, की ते कलंडे आणि सारे पाणी एकदम रहाटावर पडे. काही वेळ वादन, मग लांब शांतता, मग पुन्हा वादन. पाहुण्यांना नाव नुसती डुलताना दिसे आणि अचानक सूर ऐकू येत.

बासरीने मात्र त्यांची परीक्षा पाहिली. पाणी डब्यात भरेपर्यंत सूर येतो, डबा भरला की थांबतो. रिकामा करायचा तर तेवढा वेळ बासरी मुकी. खरी बासरी वाजवणाराही मध्ये श्वास घेतो, पण सूर तुटल्याचे ऐकणाऱ्याला कळू देत नाही. ही गोष्ट यंत्राला कशी शिकवायची? जुन्या रचना त्यांनी पाहिल्या, करूनही पाहिल्या आणि त्या समाधानकारक वाटल्या नाहीत. बनू मुसांच्या कारंज्यांबद्दलही त्यांची तक्रार होती. त्यांचे आकार इतक्या लवकर बदलतात, की पाहणाऱ्याला तो बदल नीट अनुभवताच येत नाही. शेवटी त्यांनी दोन टाक्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि वर डावी-उजवीकडे कलणारी पन्हळ बसवली. एक टाकी भरत असताना तिच्यातली हवा बासरीत जाते. ती भरत आली, की पन्हळ दुसऱ्या टाकीकडे कलते. आता दुसरी टाकी बासरीला श्वास देते आणि तेवढ्या वेळात पहिली वक्रनळीवाटे रिकामी होते. वरून पाणी येत आहे तोवर सूर तुटत नाही. माणसाच्या छातीला जे जमत नाही ते दोन हौदांना जमले.

निसर्गाची नक्कल करणारी त्यांची नजर अशी बारीक होती. एका घड्याळात त्यांनी मोराचे कुटुंबच मांडले. पिसारा फुलवून वळणारा मोर, लांडोर आणि एकमेकांना चोच मारणारी दोन पिल्ले. पिल्लांनी भांडायचे असते, हे त्यांनी राजवाड्याच्या बागेत बघितले असेल आणि यंत्रातही ते विसरले नाहीत.

राजाचे वजू आणि लाकडी गाय

या यंत्रांपैकी बरीचशी राजाच्या चैनीची होती, हे खरे आहे. ग्रंथात मद्याच्या बैठकीतली गमतीची पात्रेही आहेत. पण काही कामांच्या मागे वेगळे कारण दिसते. नमाजीपूर्वी हात, तोंड, पाय धुण्याच्या विधीला वजू म्हणतात. राजा महमूद यांना वजू करताना चाकराने किंवा दासीने हातावर पाणी घालणे आवडत नसे. त्यांनी अल-जझरींकडे यावर उपाय मागितला. अल-जझरींनी हातात सुरई घेतलेला एक पुतळा घडवला. आधी पाखरू शीळ घालते, मग सुरईतून वजूपुरते पाणी पडते आणि पाणी संपले, की पुतळा पुसायला रुमाल पुढे करतो. एका माणसाला दुसऱ्या माणसापुढे ओणवे राहावे लागू नये, यासाठी तांब्याचा माणूस उभा राहिला.

पाणी उपसण्याच्या पाच यंत्रांत तर त्यांची विद्या थेट लोकांच्या पोटापाण्याशी येऊन भिडते. त्यातल्या एकाला गोल फिरणारी लाकडी गाय जोडलेली आहे. पाहणाऱ्याला वाटावे, की गायच रहाटगाडगे ओढते आहे. प्रत्यक्षात खाली दडवलेल्या रहाटावर पाण्याची धार पडत असते. तोच रहाट गाडगी फिरवतो आणि गायीलाही फिरवतो. म्हणजे गाय रहाटाला फिरवत नाही, रहाट गायीला फिरवतो. पाचवे यंत्र सर्वांत महत्त्वाचे. नदीच्या प्रवाहाने फिरणारे चाक, त्याला जोडलेले समोरासमोरचे दोन दट्टे, दोन नळकांडी, ओढून घेणाऱ्या नळ्या आणि परत न जाऊ देणाऱ्या झडपा. एक दट्ट्या पाणी ओढतो तेव्हा दुसरा ते वर ढकलतो. पंपाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक या पानापाशी हमखास थांबतात.

हे सारे घडले ते तांबट, सुतार आणि ओतकाम करणाऱ्यांच्या कामाच्या जागी. आपले काम अल-जझरींनी शिकाऊ मुलाला सांगावे तसे सांगितले आहे. फळी वाकू नये म्हणून पातळ लाकडे एकावर एक चिकटवावीत. मोठी रचना करण्याआधी कागदाचा नमुना करून पाहावा. झडप आणि तिची बैठक एकमेकींत घट्ट बसावी म्हणून कुरुंदाच्या पुडीने घासावी. चाक सर्व बाजूंनी सारख्या वजनाचे आहे की नाही, ते पाहावे. भोकाचा आकार नुसता मोजू नये, त्यातून पाणी सोडून तपासावा. आमिदच्या राजवाड्यासाठी त्यांनी पितळेचे ओतीव दार केले. त्याच्या साच्यांची हकीकत त्यांनी मोठ्या अभिमानाने लिहिली आहे.

लिहून ठेवण्याचा हुकूम

एवढे सारे केले तरी ते विरून जाण्याची भीती होती. पितळ वितळवून त्याचे दुसरे काही करता येते, लाकूड जळते, राजवाडे ओस पडतात. कारागिराची विद्या त्याच्या बोटांत असते आणि बोटांबरोबर जाते. ही गोष्ट राजा महमूद यांनी ओळखली. अल-जझरींनी कल्पनेतल्या गोष्टी प्रत्यक्षात आणल्या आहेत. आता हे श्रम वाया जाऊ देऊ नयेत, एक ग्रंथ लिहावा, असा त्यांनी हुकूम केला. त्या काळात राजे किल्ले जिंकल्याची कवने लिहवून घेत. या राजाने आपल्या कारागिराला त्याची कृती लिहायला सांगितली.

१२०६ साली ग्रंथ पूर्ण झाला. सहा भाग आणि पन्नास यंत्रे. दहा घड्याळे, बैठकीतली दहा पात्रे, हात धुण्याची आणि रक्त मोजण्याची दहा उपकरणे, दहा कारंजी आणि बासऱ्या, पाणी उपसण्याची पाच यंत्रे आणि उरलेल्या पाच गोष्टी, ज्यांत अक्षरे जुळवून उघडणारे कुलूपही आहे. तो काळ क्रुसेडच्या लढायांचा होता. ११८७मध्ये जेरुसलेम पडले, १२०४मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले गेले. आमिद स्वतः वेढा सोसून हाती आलेले शहर. अशा दिवसांत यंत्रविद्येच्या सर्वांत जाणत्या माणसाने लिहिलेल्या या ग्रंथातल्या पन्नास यंत्रांत एकही शस्त्र नाही.

प्रत्येक यंत्राची रंगीत चित्रे त्यांनी काढली, भागांना अक्षरांच्या खुणा दिल्या, मापे दिली. वाचणाऱ्याला तेच यंत्र पुन्हा उभे करता यावे, हा हेतू उघड होता. या ग्रंथानंतर त्यांचे नाव इतिहासात भेटत नाही. ग्रंथ मात्र हातोहात फिरला, त्याच्या नकला झाल्या. १२०६चीच एक प्रत इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. १३१५मध्ये केलेल्या एका प्रतीची पाने सुटी होऊन जगभर पांगली. तिच्यातले हत्तीच्या घड्याळाचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९७४मध्ये डोनाल्ड हिल या ब्रिटिश अभियंत्याने संपूर्ण ग्रंथ इंग्रजीत आणला. दोनच वर्षांनी, १९७६मध्ये, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यातले वाड्यासारखे मोठे जलघड्याळ पुन्हा बांधले गेले आणि ते चालले. सुमारे ७७० वर्षांनी, ग्रंथातल्या शब्दांवर विसंबून. हाताने पडताळल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये म्हणणाऱ्या माणसाला याहून मोठा दाखला कोणता हवा!

आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी झाडावर एक हिरवा लहानसा पक्षी टुक टुक टुक करत असतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज येतो, म्हणून मराठीने त्याचे नाव तांबट ठेवले. पाखराच्या गळ्यात आपल्याला कारागीर ऐकू आला. आमिदच्या कारागिराने उलट्या वाटेने जाऊन तांब्यात पाखरू ऐकले. त्याच्यात जीव भरल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. ग्रंथाचा आरंभ त्यांनी ईश्वराच्या स्तुतीने केला आणि मग पाखरातला श्वास पाण्याचा आहे, नळी एवढ्या मापाची आहे, भोक एवढे आहे, असे सारे गुपित उघडे करून ठेवले.

आज संध्याकाळी अजान होईल तेव्हा रोज्याच्या पहिल्या घोटाला तोंडाशी पाणी येईल. त्या पाण्याला धारेत बसवून, बुडवून, कलंडवून, त्याच्याकडून वेळ आणि सूर काढून घेणाऱ्या या तांबटाची तेव्हा आठवण व्हावी.